तीस कागद, एकच उत्तर

मला एका जागी बसवत नाही, ही माझी खोड लहानपणापासूनची. भाकरी थापता थापता सुद्धा मी दोनदा दारात जाऊन येते. त्यामुळं साठी उलटल्यावर मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, ते बसायचं काम आहे. तुला जमणार का?" ते बरोबर बोलले होते. पण तसं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

माझं शिक्षण म्हणजे सगळं बाहेरून. दहावी झाली, लग्न झालं, पोरं झाली, ती शाळेत जायला लागल्यावर मी बी.ए. केलं. मग बचत गटात पापड-शेवयांचं काम काढलं. ते काम वाढायला लागलं तेव्हा वाटलं, हे आपण करतोय त्याला काहीतरी शास्त्र असणारच की. म्हणून व्यवस्थापनाची पुस्तकं आणली. शिकवायला कुणी नाही. एक पान चारदा वाचायचं, तरी नाही कळलं तर पुढं जायचं, आणि पुढं कळलं की मागं यायचं. अशी व्यवस्थापनाची मोठी पदवीही बाहेरूनच झाली. प्रवेश परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली, आणि अंबाजोगाईच्या एका कॉलेजात, व्यवस्थापन विभागात, मी पहिल्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी झाले.

धारूरहून सकाळची एसटी. अंबाजोगाई म्हणजे आमच्या भागात दवाखान्याचं गाव, तिथं या वयाची बाई पिशवी घेऊन निघाली म्हणजे कुणीतरी आजारी असणार, असंच लोक धरून चालतात. पहिल्याच आठवड्यात कंडक्टरनं विचारलं, "मावशी, मेडिकलला का? कोण ॲडमिट हाय?"

म्हटलं, "मीच."

त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग सोबत कुणी न्हाई का घेतलं?"

दोन दिवसांनी त्याला खरं कळलं, की मी डॉक्टरेटला जाते, तर तो मला पुढच्या सीटवर बसवून गुडघ्याचं विचारायला लागला. डॉक्टर म्हटलं की गुडघा. आमच्या गल्लीतही तेच. आता मी समजावून सांगायचं सोडून दिलंय, 'गरम पाण्यानं शेका' म्हणते आणि मोकळी होते.

वर्गात आम्ही नऊजण. बाकीचे सगळे माझ्या पोरांपेक्षा लहान. त्यातली एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. तिच्या वडिलांचं अंबाजोगाईतच मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, आणि तिचा विषयही गॅरेजवाल्यांचाच: कारागीर हाताखालच्या माणसाला काम कसं शिकवतात. ती मला कॉम्प्युटर दाखवायची, मी तिला शेंगदाण्याची चटणी आणायचे. संशोधनपद्धतीचा तास असला की माझे पाय बाकाखाली हलत राहायचे. ती हळूच म्हणायची, "काकू, बाक हलतोय, मला लिवता येत न्हाई." मग मी पाय आवळून धरायचे, आणि पाच मिनिटांनी परत तेच.

मला कसली एवढी घाई होती, विचाराल तर सांगते. या पोरांना तीनाची पाच वर्षं लागली तरी चालतंय. माझं तसं नाही. माझ्या आईला माझ्या वयात डोळ्यांनी दिसायचं बंद झालं होतं. मी रोज सकाळी कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचून बघते, एकादशी-बिकादशी, आणि वाचता आली की मगच चहा ठेवते.

माझे गाईड सर पंचेचाळिशीचे. पहिल्या दिवशी चुकून 'काकू' म्हणाले, मग सावरून 'मॅडम' म्हणायला लागले. माणूस सरळ आणि नेमका. त्यांनी पहिल्याच भेटीत मला सगळं स्पष्ट सांगितलं. आत्ताचा प्रवेश कच्चा. दिवाळीनंतर समितीसमोर उभं राहायचं, विषय मांडायचा, आणि तीसजणींकडून नमुन्यादाखल माहिती भरून आणून दाखवायची. समितीला पटलं तर नोंदणी पक्की. नाही पटलं तर नाव कमी होऊ शकतं. "तुमच्याबद्दल आधीच दोघांनी शंका काढलीये," ते म्हणाले. "वयाची नाही हां. बाहेरून शिकल्याची. त्यामुळं तुमचं काम दुसऱ्यांपेक्षा जास्त चोख पाहिजे."

म्हणजे एवढंच होतं सगळं. दिवाळीनंतरचा एक दिवस, आणि तीस कागद.

विषय माझा मी निवडला होता. आमच्या धारूरच्या डोंगरात सीताफळ मायंदाळ. पोळा झाला की डोंगराकडेच्या वस्तीवरच्या बाया पहाटे वर चढतात, फळ तोडतात, आणि उन्हं वर आली की घाटात रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसतात. कुणी शाळेत गेलेलं नाही, पण फळाचा डोळा बघून सांगतील, हे आज खा, हे उद्या, हे परवा सकाळी. आणि तिथं एक रीत आहे. गाडी थांबली तर कुणीही धावत नाही. वरच्या टोकाला बसलेली बाई एकटी उठते, गाडीजवळ जाते, विकते आणि परत येऊन खालच्या टोकाला बसते. मग सगळ्या एकेक जागा वर सरकतात. तिच्याकडं आज खायचं फळ नसलं तर शेजारणीच्या पाटीतलं देईल, पण पाळी मोडणार नाही. मी लहानपणापासून हे बघत आले. पुस्तकात स्पर्धेवर एवढी प्रकरणं वाचली, तेव्हा मला सारखा हा घाट आठवायचा. मनात म्हटलं, हे कुणीतरी लिहायला पाहिजे.

सरांनी प्रश्नावली करून दिली. चोवीस वाक्यं. प्रत्येकापुढं पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. वाचून दाखवायचं, बाई सांगेल त्या चौकोनात पेन्सिलीनं खूण करायची.

मी गेले तेव्हा हंगाम भरात होता. त्या बायांत एक म्हातारी, सत्तरीची असेल, सगळ्या तिला मोठी माय म्हणायच्या. मला ओळखत होती, आमच्याकडं पापडाला उडीद घेऊन यायची कधीकाळी. तिनं पोतं सारून मला जागा दिली.

"बस. कागुद आणलाय का?"

"आणलाय, माय. तुम्ही विकता कसं, ते लिहायचंय."

"लिव की. आमाला काय, तोंडानंच सांगायचंय."

पहिला कागद तिचाच. मी वाक्य वाचायचे, ती खालच्या बायांकडं बघायची, त्या माना हलवायच्या, मग ती म्हणायची, "व्हय, बराबर हाय." मी म्हटलं, माय, पाच उत्तरं आहेत. हे तटस्थ म्हणजे असं पण नाही आणि तसं पण नाही.

"आसं बी न्हाई आन तसं बी न्हाई, मंग ती बाई हितं कावून बसली? घरी जाय म्हनावं तिला."

सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसरीला बसवलं तर ती म्हणाली, "मोठ्या मायचं जे हाय तेच माझं लिवा." मी म्हटलं असं चालत नाही, तुझं तू सांग. तर तिनं सांगितलं, आणि शब्दाला शब्द तेच आलं. तिसरीचं तेच, फार तर एखाद्या वाक्याला 'पूर्ण'च्या जागी नुसतं 'सहमत'. पाच दिवस मी जात होते. तीस बाया, तीस कागद. आणि खरं सांगू, मला भरून येत होतं. म्हटलं, काय एकी आहे बायांत. जीपमध्ये बसून घरी येताना मी मनातल्या मनात प्रबंधाचा शेवटचा परिच्छेद सुद्धा लिहून काढला.

सरांनी गठ्ठा उलटला. दहा कागद बघितले. मग शेवटून दहा बघितले. मग चष्मा काढला.

"मॅडम, सातवं वाक्य वाचा."

मी वाचलं. भाव मी एकटी ठरवते.

"आणि एकोणीस?"

भाव आम्ही सगळ्या मिळून ठरवतो.

"दोन्हीला पूर्ण सहमत. तिसाच्या तीस बाया."  त्यांना बोलणं जड जात होतं, ते मला दिसत होतं. "मी विचारणार नाही असं ठरवलं होतं, पण समिती विचारणार. हे तुम्ही घरी बसून तर नाही ना भरलं?"

  माझे पाय हलायला लागले, टेबलावरचा पेनस्टँड वाजत होता.

"मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण हे आत नेता येणार नाही. दोघी वेगळं बोलल्या असत्या तरी चाललं असतं."

बाहेर आले तर ती गॅरेजवाल्याची मुलगी जिन्यात उभी होती. तिला सगळं सांगितलं. तिनं कागद चाळले आणि ओढणीत तोंड घालून हसली.

"काकू, ह्या तर झेरॉक्स हायेत."

"हसू नको गं."

"न्हाई हसत. पण काकू, एवढं कावून मनाला लावून घेता? पेन्सिलच हाय ना? दहा-बारा कागदं थोडे इकडंतिकडं करायचे. सगळेच करतात हो, कुणी बोलत न्हाई फक्त." मग माझं तोंड बघून म्हणाली, "मी आपलं बोलले. तुमी नका करू."

असं सांगितल्यावर माणसाच्या डोक्यात काय राहतं? 'नका करू' राहत नाही.

दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. कपाट आवरलं, परत आवरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, आमचे हे आडवे झाले, त्यांच्या घोरण्याचा आवाज यायला लागला आणि मी गठ्ठा काढला. खोडरबर घेतला. पहिल्या कागदावरचं सातवं वाक्य खोडलं आणि 'असहमत'वर खूण केली. सोपं होतं हो.  उलट मजा यायला लागली. ही बाई जरा फटकळ, तिला असहमत देऊ. ही गरीब, तिला नुसतं सहमत. तटस्थचे तीन चौकोन भरले. सात कागद झाले तेव्हा ह्यांनी कूस बदलली आणि विचारलं, "काय करतेस गं?"

"अभ्यास," म्हटलं.

आणि तो शब्द तोंडातून गेला तसा तो मलाच ऐकू आला. मी खोडरबर ठेवला, आता परत पहिल्यासारखं करून टाकू म्हणून कागद उचलले, तर ते सात कुठले? पेन्सिल तीच, खूण तीच, आणि नुसतं 'सहमत' तर एखाद-दुसरं मुळातही होतं. काही ठिकाणी खोडलेलं दिसत होतं, पण घाटात लिहितानाही मी कितीदा चुकून खोडलं होतं. काही बदललेले ओळखू आले, काही आल्यासारखे वाटले. पण चोवीस वाक्यं, सात कागद. कुठल्या बाईच्या तोंडी मी काय घातलं, ते मलाच खात्रीनं सांगता येईना. तिसाचे तीस नासले.

हे मी इथं लिहिते आहे, कारण न लिहून बघितलं. ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घाटात गेले. कागद नेले नाहीत. गेले कशाला, तेही नीट ठाऊक नव्हतं. घरात राहवत नव्हतं एवढंच. बघते तर पाट्या निम्म्याच. फळ सरत आलेलं. वस्तीवर बोचकी बांधायचं काम चाललेलं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येणार, आणि या सगळ्या नवऱ्या-लेकरांसकट ऊस तोडायला जाणार, ते थेट उन्हाळ्यात परत. घाटात बसायला आता शेवटचे पाच-सहा दिवस.

मोठी माय तेवढी मागं राहणार होती. तिच्यानं आता कोयता चालत नव्हता. ती नातवंडांना घेऊन वस्तीवर राहायची.

मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "माय, खरं सांग. त्या दिवशी सगळ्यांनी एकच कसं सांगितलं?"

"मंग काय येगयेगळं सांगायचं?"

"ज्याचं त्याचं सांगायचं."

तिनं एक फळ हातात घेऊन डोळे तपासले, बाजूला ठेवलं. "तुला म्हाईत न्हाई व्हय? आगं, मागं एकदा राशनच्या यादीसाठी आसंच कागदवाले आलते. कुनाच्या घरात किती मानसं, काय काय हाय, सगळं लिवून घेतलं. ज्यांचं ज्यांचं जुळलं त्यांला मिळालं. जिनं येगळं सांगितलं तिचं नाव उडालं यादीतून. तवापसनं आमचं ठरलंय. कागुद आला की आदी मी बोलायचं, मंग समद्यांनी तेच. कुनाचंच नाव उडाय नको."

"पण मी तर यादीवाली नव्हते. तू ओळखतेस मला."

"तू वळखीची हाईस. कागुद कुटं वळखीचा हाय?"

 मी धारूरची. या घाटातून हजारदा गेलेली. सगळी पुस्तकं वाचून, प्रश्नावली कशी तयार करतात ते पाठ करून, कागद बघितल्यावर या बायांच्या पोटात काय होतं एवढं साधं मला ठाऊक नव्हतं. आणि त्यावर कडी म्हणजे, त्यांची नावं उडू नयेत म्हणून त्या एकसारखं बोलल्या, आणि माझं नाव उडू नये म्हणून मी त्यांचं बोलणं बदललं.

म्हटलं, "माय, कागद न घेता बसू का इथं? चार दिवस."

"बस की. पर मोकळी बसू नको. फळं निवड."

चार दिवस मी फळं निवडली. पहाटे त्यांच्याबरोबर डोंगरात गेले. चढताना माझा दम निघायचा, त्या बाया माझ्यासाठी थांबायच्या, चिडवायच्या. "काकूला पाटीत घाला गं, खाली उतरवू." रस्त्यावर या बाया ओळीनं बसतात, पण डोंगरात एकेकट्या पांगतात. आणि तिथं, काट्याकुट्यात, दोघींच्या मधे पन्नास पावलांचं अंतर असताना, त्या बोलायला लागल्या. मी विचारलं सुद्धा नाही. एक तरणी बाई झाडाआडून म्हणाली, "काकू, तुमाला लई आवडती न्हवं आमची पाळी?"

"आवडती. का गं?"

"मला न्हाई आवडत. मी समद्यांच्या आदी डोंगरात येते, माझं फळ चांगलं. पर माझी पाळी येस्तवर ऊन डोक्यावर. आन जिनं कवळं तोडून आणलं तिचं बी त्याच भावात जातं. मोठ्या मायला बरं हाय, तिला डोंगर चढाय लागत न्हाई, तिची सून तोडती."

"मग बोलत का नाहीस?"

"बोलून जाऊ कुटं? उसात माझ्या खोपटाला लागून तिच्याच सुनेची कोपी असती. सा म्हैने तितंच राहायचं. माझं लेकरू तापलं तर कुनाच्या वट्यात टाकू?"

दुसरी म्हणाली, पाळी आहे म्हणून ती जिवंत आहे. नवरा गेला तेव्हा पंधरा दिवस ती आली नाही, तर तिची पाटी ओळीत ठेवून बाकीच्या विकत होत्या. तिसरीचं म्हणणं आणखी निराळं. चौथी काही बोललीच नाही, आणि जाताना म्हणाली, "न्हाई बोलले, एवढंच माझं लिवा." मी प्रत्येकीला विचारलं, हे वहीत उतरवू का, नाव न घालता? सहाजणी हो म्हणाल्या. बाकीच्यांचं मी पोटात ठेवलं, ते इथंही लिहिलेलं नाही.

आणि माझ्या सात कागदांवर मी घरी बसून काय वेगळेपणा घातला होता? सहमतच्या जागी असहमत. बस.

दिवाळीनंतर दोन दिवसांनी त्यांची गाडी गेली. पुढच्याच आठवड्यात समिती.

त्या दिवशी सकाळी सरांनी मला कँटीनमध्ये चहा पाजला. मी त्यांना वही दाखवली, यादीची गोष्ट सांगितली. ते खूश झाले. म्हणाले, हे चांगलं आहे, प्रश्नावली का चालली नाही याचं कारणच तुम्ही आणलंय. पहिला प्रयोग फसला, तो रद्द केला, आता मुलाखतींची पद्धत घेणार, असं मांडा. मग मी त्यांना सात कागदांचं सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. 

"किती जणांना माहीत आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

"मॅडम, ते तीस कागद तसेही रद्द होणार आहेत. त्यामुळं ही गोष्ट आत बोलायची गरज नाही. खोटं बोलायचं नाहीये तुम्हाला. फक्त बोलायचं नाहीये." मग हळू आवाजात, "मी तुमच्यासाठी भांडलोय तिथं."

ते खरं होतं. आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी बाहेर व्हरांड्यात अर्धा तास येरझाऱ्या घातल्या. ती मुलगी माझ्या आधी आत जाऊन आली, तिचं पक्कं झालं. ती धावत आली, मला मिठी मारली, म्हणाली, "काकू, बसा ना एका जागी, बघूनच मला चक्कर येतीये." मी बसले नाही. मी मनात दोन्ही भाषणं म्हणून बघत होते. एक सरांनी सांगितलेलं. एक दुसरं. दार उघडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं कुठलं बोलणार.

आत तिघं. अध्यक्ष, बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई, आणि सर. मी पाळीबद्दल सांगितलं, यादीबद्दल सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. मग त्यांनी सहज विचारलं, "ते मूळ तीस फॉर्म आणलेत का? बघायला आवडतील मला. सगळे एकसारखे म्हणता, तर तो सुद्धा एक पुरावाच आहे."

झालं. कागद माझ्या पिशवीतच होते. ते तसेच काढून दिले असते तर बाईंनी बघितलं असतं की सगळे काही एकसारखे नाहीत, आणि मला काहीतरी रचून सांगावं लागलं असतं. पण तेवढ्यामुळं मी बोलले असं म्हणाले तर ते खोटं होईल. त्यांनी विचारायच्या आधीच माझं तोंड उघडलं होतं. निदान मला तसं आठवतंय.

म्हटलं, "मॅडम, आणलेत, पण ते पुरावा राहिले नाहीत. त्यातले सात मी घरी बसून बदलले."

सर टेबलाकडं बघत होते.

"कुठले सात?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते सगळे आता मला ओळखू येत नाहीत."

 मग अध्यक्ष म्हणाले, "हे तुम्ही आम्हाला का सांगताय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मला त्या बायांबद्दल लिहायचंय, साहेब. त्यांनी जे सांगितलं नाही, ते मी त्यांच्या नावावर घातलं. ते तसंच ठेवून पुढचं लिहायला बसले असते तर मला बसवलं नसतं."

मला बाहेर थांबायला सांगितलं. बराच वेळ लागला. मग सरांनीच येऊन निकाल सांगितला. नाव कमी केलेलं नाही. पण नोंदणी पक्कीही नाही. हे पहिलं वर्ष समाधानकारक धरलं जाणार नाही. माहिती नव्यानं गोळा करायची, आणि पुढच्या दिवाळीनंतर परत उभं राहायचं. तोवर मुदतवाढीचा अर्ज आजच द्यायचा.

म्हणजे एक वर्ष गेलं. बाया आता उसात. फळ पुढच्या पोळ्याशिवाय नाही. मी मनात वयात एक मिळवून बघितलं.

"तुम्ही माझं ऐकलं नाही," सर म्हणाले.

"नाही ऐकलं. तुमचं नाव खराब झालं का हो?"

"थोडं झालं." मग ते म्हणाले, "मुलाखतींवरची ही दोन पुस्तकं घ्या, डिसेंबरपर्यंत वाचून टिपणं दाखवा. आणि मोठ्या मायची मुलाखत आत्ताही घेता येईल, ती इथंच आहे ना. नुसतं बसून राहू नका." आणि पहिल्यांदा जरा हसले. "तसं तुम्हाला सांगायची गरज नाही म्हणा."

मी अर्ज घ्यायला खाली ऑफिसात गेले. छापील नमुना. नाव, विभाग, आणि खाली 'मुदतवाढीचे कारण', त्याला दोन ओळी. मी उभ्या उभ्याच लिहायला लागले. दोन ओळी भरल्या, समासात गेले, मग कागद उलटून मागं लिहिलं.

खिडकीतल्या क्लार्कनं मान वाकडी करून वाचलं. "काकू, एवढं कोण लिवतं? प्रकृती लिवा. सगळे प्रकृतीच लिवतात, साहेब लगेच सही करतेत."

"माझी प्रकृती चांगली आहे."

"आहो, मला बी दिसतंय ते. पर हे वाचत बसतील, दहा गोष्टी इचारतील. कशाला?"

"विचारू द्या," म्हटलं.

त्यानं दुसरा कोरा नमुना माझ्यापुढं सरकवला, मी तो परत सरकवला. मग त्यानं माझा अर्ज घेतला, मागची बाजू दिसावी म्हणून कोपरा दुमडला, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली. चारची एसटी धरायची होती. मी ऑफिसच्या पायऱ्या उतरतानाच सरांनी दिलेलं पहिलं पुस्तक उघडलं आणि दोनदा ठेचकाळले.